कागद विणताना निम्मा कागद झाकला जातो, तिथूनच विचार सुरू करा

तुम्ही विचारलंय की ऍक्रिलिकने रंगवलेले कागद, जुन्या लग्नपत्रिका, एक टुरिस्ट नकाशा आणि वर्तमानपत्र एवढं सगळं जमवलं, पट्ट्या कापल्या, विणल्या, पण झालेलं काम शाळेतल्या हस्तकलेच्या चटईसारखं दिसतंय, मधे फुगलंय, कडेला फटी राहिल्यात, आणि आता पुढे काय करायचं. उत्तर लांब होणार आहे कारण फुगणं, फटी हे कागदाचे प्रॉब्लेम आहेत, ते सुटतात, पण चटईसारखं दिसणं हा डिझाइनचा प्रॉब्लेम आहे आणि तोच मोठा आहे, म्हणून आधी तोच घेते.

साधी वीण म्हणजे एक वर एक खाली. उभ्या पट्ट्या म्हणजे ताणा, आडव्या म्हणजे बाणा. दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर ताण्याचा निम्मा भाग बाण्याखाली जातो आणि बाण्याचा निम्मा ताण्याखाली. म्हणजे तुम्ही दोन दिवस बसून जे रंगवलं त्यातलं बरोबर अर्धं कुणालाच दिसणार नाहीये आणि राहिलेलं अर्धं चौकोना-चौकोनात दिसणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कागद रंगवायची पद्धतच बदलते. तुमच्या निळ्या कागदावर बारीक फुलं आहेत, छान काढलीयत, पण एक सेंटीमीटरच्या पट्टीत ती चिरली गेली आणि वर परत अर्धी झाकली, त्यामुळे लांबून नुसता कचरा पडल्यासारखं वाटतंय. विणायचा कागद मोठ्या ब्रशने, हात खांद्यापासून हलवून रंगवायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारे लांब फटकारे. असा फटकारा विणीत मधेमधे गायब होतो पण पुढच्या चौकोनात परत दिसतो, आणि डोळा तो जोडून घेतो, आणि बघणाऱ्याला त्या जोडून घेण्यातच मजा येते.

दुसरी गोष्ट गडद-फिकेपणा. रंग कुठला घेतला यापेक्षा किती गडद घेतला हे विणीत जास्त बोलतं. दोन कागद शेजारी ठेवा, मोबाईलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोघांचा करडा एकसारखा आला तर विणलेलं लांबून दिसणारच नाही, लाल-हिरवा असला तरी. आणि एक काळाकुट्ट एक पांढराशुभ्र असेल तर बुद्धिबळाचा पट होतो, मग त्या पटापुढे बाकी काहीच दिसत नाही. तुमचं नेव्ही ब्लू आणि क्रीम हेच झालंय. मी शिकवताना सगळ्यांना पहिला तुकडा असा करायला लावते: एक कागद डावीकडून उजवीकडे गडद ते फिका असा रंगवायचा, एकच रंग, पाणी वाढवत न्यायचं, हा ताणा. दुसरा कागद सगळा मधल्या करड्या ताकदीचा, रंग वेगळा, हा बाणा. विणल्यावर डाव्या बाजूला ताणा गडद म्हणून चौकोन दिसतात, मधे दोन्ही सारखे होतात तिथे वीण विरघळून जाते, आणि उजवीकडे परत चौकोन उगवतात पण उलटे, आता बाणा गडद. वीण तीच, पट्टी तीच, काहीही अवघड केलेलं नाही, आणि तरी काम हलायला लागतं.

शाळेसारखं का दिसतं याला एक इतिहासही आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली, तिथून किंडरगार्टन ही कल्पना आली, आणि त्याने मुलांना हाताने करायला जी कामं ठरवून दिली त्यात कागद विणणं होतं. दोन सपाट रंग, सारख्या पट्ट्या, मोजून वर-खाली. मोजणं आणि पॅटर्न शिकवायला ते अतिशय उत्तम आहे आणि जगभरच्या शाळांमध्ये ते त्याच रूपात पोचलं. आपल्याला त्यातल्या तीन गोष्टींपैकी एकतरी मोडायची असते: सपाट रंग, सारखी रुंदी, किंवा एक वर एक खाली. तिन्ही एकदम मोडू नका, काहीच धड दिसत नाही.

रुंदी मोडणं सगळ्यात सोपं. ताण्यात तीन मिलिमीटरपासून दोन सेंटीमीटरपर्यंत पट्ट्या घ्या, बारीक पट्ट्या एका भागात गोळा करा, रुंद दुसरीकडे. बारीक पट्ट्यांत दोन कागद मिसळून तिसराच रंग झाल्यासारखा वाटतो आणि रुंद पट्ट्यांत दोघं वेगवेगळे उभे राहतात. ताण्याच्या चिरा सरळ न कापता लाटांसारख्या कापल्या तर अजून गंमत, फक्त दोन चिरा कुठेही एकमेकींना छेदता कामा नये आणि पट्ट्यांचा क्रम बदलता कामा नये, म्हणून कापायच्या आधीच कागदाच्या मागे पेन्सिलीने नंबर टाका.

वीण मोडायची तर ट्विल घ्या, दोन वर दोन खाली, आणि प्रत्येक ओळीला एक पट्टी पुढे सरकायचं, मग तिरक्या रेघा पडतात. जीन्सच्या कापडावर जी तिरकी रेघ दिसते तिचं तंत्र हेच, तिथे बहुतेक वेळा तीनाला एक असतं एवढंच. ट्विलमध्ये पट्टी सलग दोन खणांवरून जाते म्हणून रंगवलेल्या कागदाचा लांब तुकडा दिसतो, नकाशा किंवा मजकूर असलेल्या कागदाला हे फार मानवतं.

मजकुराचं जरा सविस्तर सांगते कारण इथे मराठी कागदाची स्वतःची एक देणगी आहे. देवनागरीला शिरोरेषा असते. वर्तमानपत्र ओळींना समांतर कापलं आणि बाणा म्हणून वापरलं तर ती शिरोरेषा पूर्ण कामातून आडवी धावते, झाकली जाते, परत वर येते, शब्दही अर्धेमुर्धे वाचता येतात आणि माणूस जवळ येऊन वाचत बसतो. तोच कागद ओळींना आडवा छेद देऊन कापला की अक्षरं तुटतात, अर्थ जातो आणि उरतो तो नुसता करडा पोत. दोन्ही उपयोगी आहेत, पण तुमच्या कामात अर्ध्या पट्ट्या अशा आणि अर्ध्या तशा आल्यात, ठरवून न केल्यासारख्या, त्यामुळे नजर कुठे थांबतच नाही. वाचलं जावं असं वाटतं का पोत हवा, हे आधी ठरवा. हेडलाइनची मोठी अक्षरं असतील तर पट्टीही तेवढीच रुंद हवी नाहीतर मात्रा-वेलांट्या उडतात आणि खालचे उकार जातात.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती. घरातल्या पेटीत मोडी लिपीतला कागद सापडला तर त्याला कात्री लावू नका, तो कितीही किडका असो. जमिनीचे, देण्याघेण्याचे असले कागद लोकांना रद्दी वाटतात. पुण्याला पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे चौकशी करा. विणायला हवाच असेल तर स्कॅन करून प्रिंट घ्या. आजोबांची पत्रं, आईच्या हातची पाककृतीची वही, सगळ्यालाच हा नियम. मूळ कागद एकच असतो. प्रिंट लेझरची घ्या, साध्या इंकजेटची शाई खळ लागली की पसरते.

आता कागद. फुगण्याचं मुख्य कारण हे की तुम्ही जाड ताणा घेऊन त्यात नुसत्या चिरा मारल्यात. चीर म्हणजे शून्य जागा. बाण्याची प्रत्येक पट्टी ताण्याच्या दोन पट्ट्यांमधून वर-खाली जाताना स्वतःच्या जाडीएवढी जागा मागते, ती नाही मिळाली की ताण्याच्या पट्ट्या बाजूला ढकलल्या जातात, वरची कड जोडलेली असल्याने त्यांना पसरता येत नाही, मग काम मधे पोटासारखं येतं. ऐंशी ते शंभर जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदाला हे जाणवत नाही. दोनशेच्या पुढे गेलात की दर दोन पट्ट्यांमधून अर्ध्या ते एक मिलिमीटरची बारीक सळी कापून काढून टाका, किंवा सगळ्या पट्ट्या सुट्या करून वर मास्किंग टेपने किंचित अंतर ठेवून चिकटवा. लग्नपत्रिका तर त्याहून जाड असते. काही पत्रिकांना कोपऱ्याला नखाने उकललं की थर सुटतो, वरचा छापलेला थर हळूहळू सोलून घ्या, तोच वापरा. प्लॅस्टिक लॅमिनेशनवाल्यांवर पांढरा गोंद नीट धरत नाही, त्या पट्ट्या सतत निसटतात, त्या मी घेतच नाही. आणि पत्रिकेवरचा गणपती किंवा कुलदैवताचं चित्र कापायला बऱ्याच जणांचा हात धजत नाही, ते अगदी बरोबर आहे असं मी मानते, तो भाग अख्खा कापून बाजूला ठेवा, उरलेल्या काठांमध्ये सोनेरी नक्षी भरपूर असते.

फटींची कारणं दोन. कात्रीने कापलेली पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होते, नजरेला कळत नाही पण वीस ओळी झाल्या की फरक साठत जातो. स्टीलची पट्टी, कटर, खाली कटिंग मॅट, आणि ब्लेडचं टोक बोथट झालं की लगेच मोडून नवीन, यात कंजुषी नको, बोथट ब्लेड कागद कापत नाही, ओढतं. दुसरं कारण म्हणजे ओळ घालून झाल्यावर ती वर सरकवून घट्ट बसवली नाही. प्रत्येक ओळीनंतर जुन्या एटीएम कार्डच्या कडेने वर दाबत जायचं, शेवटी सगळ्या एकदम सरकवू म्हटलं तर सरकत नाहीत. शेवटच्या तीन-चार ओळी घट्ट जातात तिथे पातळ स्टीलची पट्टी आधी वर-खाली ओवून घ्या, ती कडेवर थोडी उभी केली की फट उघडते, त्यातून कागद सरकवा.

कागदाला दिशा असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मशीनवर कागद बनताना तंतू एका दिशेला झोपतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, जवळजवळ सरळ फाटतं, आडवं फाडा, वेडंवाकडं जातं, ती ही दिशा. पट्टी शक्यतो तंतूंच्या दिशेने लांब निघेल अशी कापायची, ती ताठ राहते, ओवायला सोपी जाते. आडवी कापलेली पट्टी लुळी पडते, ओवताना मुडपते. मुद्दाम फाडलेल्या काठाच्या पट्ट्या हव्या असतील तर त्याही याच दिशेने फाडा. हाताने बनवलेल्या कागदाला अशी ठळक दिशा नसते, म्हणून तो दोन्हीकडून सारखा वागतो. हा कागद आपल्याकडे काही नवीन नाही, जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही जुनी कागदाची गावं, आणि पुण्यात हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. एकदा तिथला कागद हातात घेऊन बघा, रंग पिण्याची त्याची पद्धतच वेगळी आहे, कडा मऊ येतात.

ऍक्रिलिक लावलेला कागद सुकताना रंगाच्या बाजूला वळतो कारण रंगाचा थर आकसतो. मागच्या बाजूलाही एक पातळ हात द्या, पाणी जास्त रंग कमी, आणि सुकल्यावर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. मग मागची बाजूही रंगीत मिळते, पट्टी मधेच उलटून घालता येते, हा फायदा वेगळाच. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ऍक्रिलिकचे कागद एकावर एक रचले की एकमेकांना चिकटतात, मधे बटर पेपर घालाच. पोस्टर कलर वापरत असाल तर तो हाताच्या घामाने निघतो, विणताना पट्टी कितीतरी वेळा हाताळली जाते, म्हणून कापायच्या आधी वर मॅट मीडियमचा, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक ऍक्रिलिकचा, एक पातळ हात द्या.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा रंगवलेला कागद म्हणजे खळीचा. मैद्याची पातळ खळ शिजवायची, गाळून गार करायची, त्यात रंग मिसळायचा आणि किंचित ओलसर केलेल्या कागदावर रुंद ब्रशने पसरवायची, आणि ओली असतानाच कंगवा, पुठ्ठ्याचा दातेरी तुकडा, बोटं, जे हातात येईल ते फिरवायचं. कंगव्याच्या रेघा लांब आणि सलग असतात, म्हणजे विणीला जे हवं तेच, आणि खळीमुळे कागदाला ताठपणा येतो. एक धोका आहे, खळ म्हणजे कसर आणि झुरळांना मेजवानी. जुने बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील किंवा स्वयंपाकाच्याच भांड्यात शिजवणार असाल तर अजिबात नको, त्याऐवजी सुकल्यावर दोन्ही बाजूंना मॅट मीडियम लावा.

जमवलेल्या कागदांपैकी काही कागद टिकत नाहीत हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, भरपूर असतं, उजेडात तो काही महिन्यांत पिवळा आणि मग तपकिरी, ठिसूळ होतो. मला तो पिवळेपणा चालतो, पण गिऱ्हाइकाला देताना मी सांगूनच देते. रंगीत छापलेल्या कागदातला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा आणि काळा राहतो, दुकानांच्या काचेवरची निळी पडलेली पोस्टरं बघितली असतील. त्यामुळे कॅलेंडर, मासिकं, पत्रिका यांची कामं खिडकीसमोर लावू नका. दुकानाची, एटीएमची चकचकीत पावती हा थर्मल कागद, उन्हाने आणि उष्णतेने त्याचं काय होईल सांगता येत नाही, आणि त्याच्या लेपातली रसायनं हातालाही चांगली नाहीत, तो सोडून द्या. पतंगाचा कागद सुंदर पण फार पातळ, आणि त्याचा रंग ओलाव्याने शेजारी उतरतो, तो आधी पातळ कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेच्या कागदावर) चिकटवून घ्या आणि दोन्ही कागदांची तंतूंची दिशा एक ठेवा नाहीतर पट्टी पिळवटते.

या सगळ्यात मिळून एक सूत्र आहे: एका कामातले सगळे कागद साधारण एका जाडीवर आणा. पातळ असेल तर पाठीला कागद लावून, जाड असेल तर थर सोलून. नकाशा आणि पत्रिका एकाच ताण्यात शेजारी बसत नाहीत याचं कारण डिझाइन नाहीये, जाडी आहे.

चिकटवण्याबद्दल: आतल्या प्रत्येक खणाला फेविकॉल लावू नका. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, सगळीकडे लागला की सगळं काम वळतं. पूर्ण विणून झाल्यावर चारी कडांच्या शेवटच्या ओळीत, पट्टीच्या खाली, टूथपिकने ठिपका द्यायचा, दाबून सुकवायचं, आणि मगच कडा कापायच्या. आधी कडा कापल्या की बाहेरच्या पट्ट्या सुटतात, तुमचं डाव्या कोपऱ्यात झालंय तसं. म्हणून सुरुवातीलाच चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर जास्त धरा. फ्रेम करताना काच कामाला टेकू देऊ नका, विणलेलं काम सपाट नसतं, टेकलेल्या जागी ओल धरते आणि बुरशी येते, फ्रेमवाल्याला मधे स्पेसर किंवा डबल माउंट घालायला सांगा. मागे पूर्ण चिकटवून न टाकता वरच्या कडेला कागदाच्या दोन बिजागऱ्या करून टांगलं की हवामानाप्रमाणे कागद मोकळेपणाने हलतो.

कुणाचं काम बघू असं विचारलंत. दिन क्यू ले, व्हिएतनाममध्ये १९६८ साली जन्मलेला कलाकार, लहानपणीच कुटुंबाबरोबर देश सोडून अमेरिकेत गेला, २०२४ मध्ये वारला. गवताच्या चटया विणायला तो मावशीकडून शिकला होता आणि तेच तंत्र त्याने मोठ्या फोटोंच्या पट्ट्यांवर वापरलं. कंबोडियातल्या अंकोरच्या मंदिरांतलं कोरीवकाम आणि तिथल्या ख्मेर रूज या क्रूर राजवटीने कैद केलेल्या माणसांचे फोटो एकमेकांत विणलेली त्याची कामं बघा. मी वर जे झाकण्याबद्दल म्हटलं ते तिथे नीट कळतं, कोणता चेहरा किती वर आणायचा आणि कुठे कोरीवकामाखाली जाऊ द्यायचा हे प्रत्येक खणात ठरवलेलं आहे. दोन चित्रांपैकी एकही पूर्ण दिसत नाही आणि दोन्ही विसरता येत नाहीत. त्याच्या खूप आधी ॲनी आल्बर्स, ही १९२२ मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत आली आणि विणकाम विभागात शिकली, १९३३ पासून अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजला शिकवायची, तिथे विद्यार्थ्यांना टाइपरायटरची अक्षरं, मक्याचे दाणे असल्या साध्या वस्तूंमधून विणीचा भास तयार करायला लावायची. हातमागावर बसायच्या आधी डोळा तयार करायचा तो असा.

आणि तुम्ही राहता त्या गावात बुरुड आळी असेल तर तिथे अर्धा तास उभे राहा, परवानगी विचारून. टोपली, सूप, परडी प्रत्येकाची वीण वेगळी. काही टोपल्यांमध्ये पट्ट्या तीन दिशांनी जातात, साठ-साठ अंशात, आणि मधे षटकोनी भोकं राहतात. ही वीण कागदात उतरते, एक सेंटीमीटरच्या पट्ट्या, तीन रंग, एका दिशेला एक रंग, आणि प्रत्येक तिठ्यावर कोण वर कोण खाली याचा क्रम कायम ठेवायचा. भोकातून मागचा कागद दिसतो, म्हणजे एक चौथा थर फुकट मिळतो. तुमचा टुरिस्ट नकाशा तिथे मागे अख्खा लावा, न कापता.